ऐकण्याचे शिक्षण : समुपदेशनाचे विद्यार्थी आणि रुग्णालयातील क्षेत्रकार्य

प्रस्तुत अहवालात अन्यत्र वर्षभरातील शस्त्रक्रिया, प्रसूती, डायलिसिस आणि बाह्यरुग्ण तपासण्यांचे तक्ते दिलेले आहेत. समुपदेशन विभागाच्या कामाचा तसा तक्ता मांडणे कठीण जाते. किती रुग्णांशी बोललो हे मोजता येते. काय ऐकले हे मोजता येत नाही. म्हणून यंदा आकडेवारीऐवजी विभागात चालणाऱ्या एका कामाविषयी थोडे विस्ताराने लिहावे असे आम्ही ठरविले.

रुग्णालयास भेट देणाऱ्या हितचिंतकांना डायलिसिस कक्षात एक दृश्य हमखास दिसते. यंत्राला जोडलेल्या रुग्णाशेजारी स्टुलावर एखादी बावीस-तेवीस वर्षांची मुलगी बसलेली असते. गळ्यात स्टेथोस्कोप नाही, हातात केसपेपर नाही. बराच वेळ ती काही बोलतही नाही. ही मुले-मुली म्हणजे मानसशास्त्र, समुपदेशन किंवा समाजकार्य या विषयांत पदव्युत्तर शिक्षण घेणारे विद्यार्थी. महाविद्यालयाच्या वेळापत्रकाप्रमाणे आठवड्यातून दोन दिवस ते आपल्याकडे क्षेत्रकार्यासाठी येतात. एका ज्येष्ठ देणगीदारांनी त्यांच्याकडे पाहून आम्हांस सरळ प्रश्न केला होता, ‘म्हणजे आपल्या रुग्णांवर ही मुले शिकतात का?’

प्रश्न रास्त होता आणि त्याचे खरे उत्तर ‘होय’ असेच आहे. शस्त्रक्रिया करणारे हातही कधीतरी कोणाच्या तरी देहावर पहिल्यांदा चालतात. मात्र त्या वेळी शेजारी अनुभवी हात असतो आणि चूक होऊ लागली तर ती तेथल्या तेथे दिसते. समुपदेशनातील चूक दिसत नाही. रक्त येत नाही, यंत्राचा गजर वाजत नाही. रुग्ण ‘बरं आहे’ म्हणतो, विद्यार्थिनी समाधानाने घरी जाते, आणि काय राहून गेले ते दोघांखेरीज कोणास कळत नाही. कित्येकदा दोघांपैकी एकासच कळते. अशी चूक उजेडात आणण्याची जी व्यवस्था आहे तिला पर्यवेक्षण म्हणतात. क्षेत्रकार्यात विद्यार्थी शिकतो तो रुग्णाजवळ घालविलेल्या तासांमुळे, असा समज आहे. आमचा अनुभव असा की, तो शिकतो ते त्या तासाकडे दुसऱ्या कोणासमोर पुन्हा वळून पाहिल्यामुळे.

ही पद्धत आली कोठून

रुग्णाच्या आणि वस्तीच्या सान्निध्यात शिकण्याची परंपरा मुंबईस नवीन नाही. क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२६ मध्ये नागपाडा नेबरहुड हाउस सुरू केले आणि १९३६ मध्ये तेथेच सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क ही संस्था उभी राहिली. आज ती टाटा सामाजिक विज्ञान संस्था या नावाने सर्वपरिचित आहे. वर्गातील व्याख्यानांइतकेच वजन क्षेत्रकार्यास देण्याचा समाजकार्य शिक्षणाचा प्रघात तेव्हापासूनचा. १९४६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवेचे पद निर्माण झाले आणि रुग्णाच्या आजाराबरोबर त्याच्या घराचाही विचार करणारी व्यक्ती रुग्णालयात वावरू लागली.

समुपदेशनाच्या बाबतीत मोठा पालट झाला तो ध्वनिमुद्रणामुळे. १९४० नंतरच्या काळात अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात कार्ल रॉजर्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी समुपदेशनाच्या बैठकी तबकड्यांवर मुद्रित करण्यास प्रारंभ केला. यंत्र अवजड होते, तबकडी दर थोड्या मिनिटांनी बदलावी लागे. तरीही १९४२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात रॉजर्स यांनी एका व्यक्तीबरोबरच्या साऱ्या बैठकी शब्दशः छापल्या. तोपर्यंत बंद दाराआड काय घडते हे समुपदेशक आठवणीवरून सांगे, आणि माणसाची आठवण स्वतःच्या बाजूने झुकते. पुढे १९६०च्या दशकात मिशिगन राज्य विद्यापीठात नॉर्मन केगन यांनी बैठकीची चित्रफीत विद्यार्थ्यास दाखवून, हवी तेथे ती थांबवून ‘या क्षणी मनात काय चालले होते?’ असे त्यालाच सांगावयास लावण्याची रीत बसविली. शेजारी बसणारा निर्णय देत नाही, केवळ विचारतो. आमच्याकडे चित्रफीत नाही. पडद्यामागे पाच रुग्ण असलेल्या कक्षात ती करताही येणार नाही. आमचे साधन म्हणजे लिहून काढलेली संवादनोंद. तिच्याविषयी पुढे लिहिले आहे.

तासांच्या हिशेबाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. अमेरिकेतील समुपदेशन अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या केकरेप या मंडळाच्या नियमांप्रमाणे विद्यार्थ्यास आधी १०० तासांचे प्रात्यक्षिक आणि नंतर ६०० तासांचे आंतरवासन पूर्ण करावे लागते. त्यांपैकी अनुक्रमे ४० आणि २४० तास प्रत्यक्ष समुपदेशनाचे असावे लागतात. याच नियमांत पर्यवेक्षकाबरोबरचा आठवड्यास सरासरी एक तासही लिहिलेला आहे. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच्या शिक्षणावर भारतीय पुनर्वास परिषदेचे नियंत्रण आहे. समुपदेशकांसाठी मात्र दीर्घकाळ तशी एकच एक चौकट नव्हती. २०२१ मध्ये संमत झालेल्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायविषयक राष्ट्रीय आयोगाच्या कायद्याने वर्तन-आरोग्य क्षेत्रातील व्यावसायिकांचा समावेश आपल्या अनुसूचीत केला. तरीही पर्यवेक्षणाचा तास खरोखर होतो की नोंदवहीत केवळ सही होते, हे शेवटी महाविद्यालय आणि रुग्णालय यांच्या सद्‌सद्विवेकावर अवलंबून राहते. रिकाम्या सह्यांच्या वह्या आम्ही पाहिलेल्या आहेत.

पहिले तीन आठवडे

पहिले तीन आठवडे विद्यार्थ्यांनी समुपदेशन करावयाचे नाही, असा आमचा दंडक आहे. त्यांनी हिंडावे, पाहावे. केसपेपर काढण्याच्या रांगेत तासभर उभे राहावे. औषधांच्या खिडकीशी नातेवाईक पाकिटातले पैसे दोनदा का मोजतात ते पाहावे. डायलिसिस कक्षाबाहेरच्या बाकावर रुग्णांच्या पत्नी काय बोलतात ते कानावर पडू द्यावे. कक्षातील मावशींशी ओळख करून घ्यावी. कोणता रुग्ण दोन दिवस जेवला नाही हे डॉक्टरांच्या आधी मावशींना ठाऊक असते. पुष्कळ विद्यार्थी या काळात कुरकुरतात. ‘आम्ही येथे शिकण्यासाठी आलो आहोत’, असे एकाने लेखी कळविले होते. त्याची तक्रार आम्ही जपून ठेवली आणि वर्षअखेरीस त्यालाच वाचावयास दिली.

या आठवड्यांत विद्यार्थ्यांची पहिली गाठ पडते ती भाषेशी. त्यांची पाठ्यपुस्तके इंग्रजीत असतात. प्रश्नावल्यांचे मराठी अनुवाद असतात, पण ते पुस्तकी. ‘तुम्हांला उदास वाटते का?’ या प्रश्नास ग्रामीण भागातून आलेली आजी ‘नाही बाई’ म्हणते आणि विद्यार्थिनी तशी नोंद करते. त्याच आजींना ‘करमतं का? जेवण गोड लागतं का? पहाटे जाग आली की काय येतं मनात?’ असे विचारले की चित्र वेगळे दिसते. आमच्या रुग्णांचे दुःख बहुधा देहाच्या वाटेने बोलते. जीव घाबरतो, डोके भणभणते, छातीत धडधडते, काळजाला घोर लागतो. आणि गावात, शहरात, सर्व वयांत चालणारा एक शब्द म्हणजे ‘टेन्शन’. त्या एका शब्दाच्या पोटात सावकाराच्या तगाद्यापासून सासरच्या मारहाणीपर्यंत काहीही असू शकते. ‘टेन्शन म्हणजे नेमकं काय होतं?’ असे विचारण्याची सवय लागण्यास दोन महिने जातात.

एका चुकीचे उदाहरण मुद्दाम देतो. येथे आणि पुढेही रुग्णांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेले आहेत. स्त्रियांच्या कक्षात दाखल असलेल्या एका तरुण विवाहितेने विद्यार्थिनीस सांगितले, ‘मी औषध प्याले होते.’ शहरात वाढलेल्या विद्यार्थिनीने नोंद केली, ‘रुग्ण पूर्वीपासून औषधोपचार घेत आहे.’ शेतकरी घरात ‘औषध’ म्हणजे फवारणीचे कीटकनाशक, हे तिच्या गावीही नव्हते. पर्यवेक्षणात ती नोंद वाचताना आमच्या सहकारी थबकल्या. त्या दिवशी ती चूक लक्षात आली नसती तर ती विवाहिता दुसऱ्या दिवशी कोणाशीही न बोलता घरी गेली असती. तिच्या केसपेपरवर ‘चुकून विषारी द्रव पोटात गेल्याने’ एवढेच लिहिलेले होते, कारण घरच्यांना पोलिसांचे भय होते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २०१८ पासून अमलात आहे. त्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरावयाचे असते. पुढे भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली आणि दंड संहितेतील कलम ३०९ इतिहासजमा झाले. हे कायदे विद्यार्थ्यांना पाठ असतात. भयभीत सासऱ्यास ते समजेल अशा शब्दांत सांगता येणे हे निराळे कौशल्य आहे.

प्रश्न उलटही येतात. ‘कुणाची गं तू? गाव कोणतं? लग्न झालं का?’ समुपदेशकाने स्वतःविषयी बोलू नये असे पुस्तक सांगते, म्हणून विद्यार्थिनी अवघडून गप्प बसते आणि आजींना ती गर्विष्ठ वाटते. आमच्या मते गावाचे नाव सांगावे. आपल्याकडे तो परिचयाचा भाग आहे, त्याने काही बिघडत नाही. आडनावावरून जात काढण्याचा प्रयत्न होतो तेथे मात्र थांबावे, आणि कसे थांबावे हे आधी करून पाहावे. यावर विभागात आमच्यातच दोन मते आहेत. आमचे एक सहकारी विद्यार्थ्यांस केवळ पहिले नाव सांगण्याचा सल्ला देतात.

संवादनोंद

आता मूळ विषयाकडे येऊ. बैठक संपल्यावर त्याच दिवशी विद्यार्थ्याने आठवेल तितका संवाद शब्दशः लिहून काढावयाचा असतो. कागदाचे तीन रकाने असतात : रुग्ण काय म्हणाला, मी काय म्हणालो आणि त्या वेळी माझ्या मनात काय आले. पहिले दोन रकाने सर्वजण भरतात. तिसरा बहुधा कोरा राहतो.

आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी येणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या एका गृहस्थांबरोबरची ही नोंद. विद्यार्थिनी त्यांना काका म्हणत असे.

काका : आज परत पाय सुजलेत. पाणी जास्त झालं म्हणतात.
विद्यार्थिनी : सिस्टरांनी सांगितलंय ना काका, पाणी मोजूनच प्यायचं.
काका : हं. आता किती दिवस चालायचं हे.
विद्यार्थिनी : असं म्हणू नका. सगळं नीट होईल. तुम्ही बरे होणार.
काका : होय, होय. तुम्ही शिकलेली माणसं. तुमचं कॉलेज कुठं आलं म्हणालात?

पुढे पानभर कॉलेज, बसचा मार्ग आणि वसतिगृहातील जेवण यांविषयी संवाद आहे. खाली विद्यार्थिनीने शेरा लिहिला होता : ‘रुग्ण मोकळेपणाने बोलले. संबंध चांगला प्रस्थापित झाला.’

पर्यवेक्षणाच्या तासास आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी त्या शेऱ्याला हात लावला नाही. त्यांनी तिला संवाद मोठ्याने वाचावयास सांगितले. ‘किती दिवस चालायचं’ या ओळीवर थांबवून विचारले, ‘इथे त्यांनी काय केलं?’ विद्यार्थिनी म्हणाली, ‘निराशा व्यक्त केली.’ ‘आणि तू?’ ‘धीर दिला.’ ‘मग त्यांनी काय केलं?’ बराच वेळ उत्तर आले नाही. तेव्हा सहकारी म्हणाल्या, ‘त्यांनी दार थोडं उघडलं होतं. तू ते लावून घेतलंस. मग त्यांनी तुला सांभाळून घेतलं. तुझ्या कॉलेजची चौकशी केली, ती तुला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून.’

विद्यार्थिनी रडली. असे प्रसंग या तासात येतात आणि ते घाईने आवरू नयेत असे आम्ही मानतो. ‘तुम्ही बरे होणार’ हे वाक्य खोटे होते, हे तिला ठाऊक होते. निकामी झालेली मूत्रपिंडे डायलिसिसने बरी होत नाहीत; डायलिसिस केवळ त्यांचे काम करते. काकांनाही ते तीन वर्षांपासून ठाऊक होते. मग ते वाक्य कोणासाठी होते? तिसरा रकाना भरून आण, एवढेच तिला सांगण्यात आले. पुढच्या खेपेस तेथे दोन ओळी होत्या : ‘मला भीती वाटली. ते पुढे काय बोलतील याची.’ खाली बारीक अक्षरांत तिने आपल्या आजोबांच्या शेवटच्या आजारपणाविषयी लिहिले होते.

येथे पर्यवेक्षकास एक मर्यादा पाळावी लागते. विद्यार्थिनीच्या आजोबांविषयी किती बोलावे? ती रुग्ण नाही, आणि पर्यवेक्षण म्हणजे तिचे समुपदेशनही नव्हे. तिच्या दुःखामुळे काकांचे बोलणे कोठे अडले, तेवढेच आमच्या कक्षेत येते. बाकीचे तिने अन्यत्र, आपल्या मर्जीने बोलावे. त्यासाठी आम्ही रुग्णालयाबाहेरील समुपदेशकांची नावे देतो. सुरुवातीच्या वर्षांत ही रेषा आम्ही नीट पाळली नाही आणि एका विद्यार्थिनीस त्याचा त्रास झाला, हे येथे नमूद करणे योग्य ठरेल.

नंतर सराव झाला. सहकारी काका झाल्या आणि विद्यार्थिनीने विचारावयाचे होते. तिच्या तोंडून शब्द फुटेना. ‘काका, तुमच्या मनात तसले काही विचार येतात का?’ ‘तसले म्हणजे कसले?’ ‘म्हणजे... नको ते विचार.’ ‘नको ते म्हणजे?’ सहाव्या-सातव्या वेळी ‘जीव देण्याचा विचार’ हे शब्द तिच्या तोंडून साध्या आवाजात आले. विचारल्याने माणसाच्या डोक्यात तो विचार शिरेल, ही भीती सर्वसामान्यांप्रमाणे विद्यार्थ्यांसही असते. या विषयावरील अभ्यासांतून त्या भीतीस आधार मिळालेला नाही. उलट विचारले गेल्याने अनेकांना मोकळे वाटते. हे वाचून कळते. जीभ वळविण्यासाठी मात्र कोणासमोर तरी सातदा अडखळावे लागते.

त्यानंतरच्या बैठकीतील नोंद आम्ही संक्षेपाने देतो.

विद्यार्थिनी : काका, मागल्या वेळी तुम्ही म्हणालात, किती दिवस चालायचं हे. मी घाईनं काहीतरी बोलले. तुम्हांला काय म्हणायचं होतं?
(काका बराच वेळ गप्प. मी काही बोलले नाही.)
काका : दिवाळी झाली की येणं बंद करावं म्हणतो.
विद्यार्थिनी : बंद करायचं म्हणजे... जीव द्यायचा विचार आहे का काका?
काका : मला कुठं काय करावं लागतंय त्यासाठी? नुसतं घरी बसलं की झालं.

मग ते बोलू लागले. मुलाने कॉलेज सोडून टेम्पो चालविण्यास घेतला होता. ‘पोराची फी या मशिनीत चाललीय’, हे त्यांचे वाक्य. रात्री झोप नव्हती, अन्नावरची वासना गेली होती, आणि हे त्यांनी पत्नीस सांगितलेले नव्हते. ‘मला काही सांगितलेत आणि तुमच्या जिवाला धोका आहे असे वाटले तर मी ते मॅडमना सांगेन’, असे प्रत्येक विद्यार्थी पहिल्याच भेटीत रुग्णास सांगतो. गोपनीयता हा कायद्याने दिलेला हक्क आहे, आणि जिवास धोका असल्यास त्यास अपवाद आहे. तरीही प्रत्यक्ष वेळ आली की विद्यार्थ्यास तो विश्वासघात वाटतो. या विद्यार्थिनीने विचारले, ‘काका, हे मी मॅडमना सांगणार आहे. तुमच्यासमोरच सांगू का?’ हे वाक्य तिला कोणी शिकविलेले नव्हते. काकांनी मान हलविली. त्यांच्या हातातील सुई निघण्यापूर्वी आमच्या सहकारी खाटेजवळ होत्या.

उपचार थांबविण्याची प्रत्येक इच्छा म्हणजे नैराश्य नव्हे. दीर्घ आजारात विचारपूर्वक असा निर्णय घेणारी माणसे असतात आणि त्यांचा मान राखला पाहिजे. कोणता निर्णय विचाराचा आणि कोणता नैराश्याचा, हे एका तासात, तेही विद्यार्थ्याने, ठरवावयाचे नसते. मानसोपचारतज्ज्ञांनी काकांना तपासले आणि नैराश्यावर औषधे सुरू केली. मूत्रपिंडविकारतज्ज्ञांनी पत्नी आणि मुलगा यांना बोलावून आजाराची खरी स्थिती समजावून सांगितली. समाजसेवा विभागाने निर्धन रुग्ण निधीची कागदपत्रे पुरी करून घेतली. शिधापत्रिकेवरील नावातील एका अक्षरापायी ती चार महिने अडून पडलेली होती. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक घरच्यांना लिहून दिला. काका अजून येतात. डायलिसिस थांबविण्याचा विषय त्यांनी नंतर दोनदा काढला, दोन्ही वेळा पत्नीच्या समक्ष.

नऊ दिवस

वरील हकिकतीतील एक गोष्ट आम्ही आतापर्यंत सांगितली नाही. पहिली संवादनोंद लिहिली गेली तो दिवस आणि तिच्यावर चर्चा झाली तो दिवस, यांत नऊ दिवसांचे अंतर होते. त्या आठवड्यात आमच्या सहकारी आरोग्य शिबिराच्या कामात होत्या आणि पर्यवेक्षणाचा तास ‘पुढील आठवड्यात घेऊ’ म्हणून रद्द झाला होता. नोंद विद्यार्थिनीच्या वहीत पडून राहिली. त्या नऊ दिवसांत काकांनी एक डायलिसिस चुकविले. पाहुणे आल्याचे कारण त्यांनी सिस्टरांना सांगितले आणि ते कोणास संशयास्पद वाटले नाही. पुढे काही विपरीत घडले नाही, हा केवळ योग.

दोष विद्यार्थिनीचा नव्हता. तिने आपल्या समजुतीप्रमाणे लिहिले. ते वाचावयाचे काम आमचे होते. त्या प्रसंगानंतर आम्ही असे ठरविले की, प्रत्येक नोंद लिहिल्यापासून दोन दिवसांच्या आत पर्यवेक्षकाने डोळ्यांखालून घालावी, चर्चा नंतर झाली तरी चालेल. पर्यवेक्षक रजेवर असल्यास बदली व्यक्तीचे नाव फलकावर लिहावे. आणि ज्या दिवशी विभागात कोणीही ज्येष्ठ उपस्थित नसेल त्या दिवशी विद्यार्थ्यांनी कक्षात बसू नये. शेवटच्या नियमाबद्दल महाविद्यालयांकडून नाराजी आली, कारण तास भरत नाहीत. आम्ही नियम बदललेला नाही.

निरोपाचाही प्रश्न आहे. विद्यार्थी जूनच्या पुढे येतात आणि मार्चमध्ये परीक्षेस निघून जातात. रुग्ण मात्र त्याच खाटेवर असतो. एका वर्षी एक विद्यार्थी परीक्षेच्या घाईत न सांगता गेला आणि एक आजोबा पुढे दोन महिने दर मंगळवारी त्याची चौकशी करीत राहिले. मुलगा आजारी तर नाही ना, याची त्यांना काळजी. तेव्हापासून ‘मी मार्चपर्यंत आहे’ हे पहिल्या भेटीत सांगावयाचे आणि फेब्रुवारीपासून दर भेटीस त्याचा उल्लेख करावयाचा, अशी रीत आहे. विद्यार्थ्यांस हे फार जड जाते. रुग्णांस तितके जात नाही असे आमचे निरीक्षण आहे. त्यांना निरोपांची सवय अधिक असते.

पुढील वर्षासाठी आमच्याकडे अधिक विद्यार्थी घेण्याची विनंती आलेली आहे. एका पर्यवेक्षकाकडे चारांहून अधिक विद्यार्थी असल्यास सर्वांच्या नोंदी दोन दिवसांत वाचणे अशक्य होते, असे आमच्या ध्यानात आले असल्याने ती विनंती आम्ही तूर्त मान्य केलेली नाही. विश्वस्त मंडळापुढे विभागाने दोन गोष्टी ठेवल्या आहेत. पर्यवेक्षणाचे तास कर्मचाऱ्यांच्या ड्यूटीपत्रकात कामाचे तास म्हणून नोंदले जावेत. सध्या ते जेवणाच्या सुटीत किंवा सायंकाळी उरकावे लागतात, आणि शिबिर आले की सर्वांत आधी तेच रद्द होतात. दुसरी गोष्ट जागेची. डायलिसिस कक्षालगतची, जुने सामान ठेवलेली खोली मोकळी करून तीस आतून बंद होणारे दार बसवून मिळावे. खोलीत दोन खुर्च्या मावतात आणि तेवढ्या पुरतात.